हलगीच्या आवाजात लाल दिवा : जीपीआय-टॅली पेटीचा दोन हंगामांचा अनुभव

कुस्तीच्या मैदानात कॅमेरामनला हेडफोनमधून दिलेली सूचना ऐकू येत नाही, हा अनुभव आमच्या भागात थेट प्रक्षेपणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाला आलेला आहे. मानाची जोड लागली की हलगी आणि घुमके हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, अगदी कडेला येऊन वाजू लागतात, त्यातच निवेदक पैलवानांची नावे, त्यांचे गाव आणि त्यांचे वस्ताद कर्ण्यावरून पुकारत असतो, आणि अशा वेळी मिक्सरवर, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांतून एक चित्र निवडणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या माणसाने "तीन नंबर, तू लाइव्ह आहेस, हलू नकोस" असे कितीही ओरडून सांगितले तरी ते तीन नंबरपर्यंत पोहोचत नाही. परिणामी, ज्या क्षणी त्याचे चित्र पडद्यावर असते नेमक्या त्याच क्षणी तो फोकस तपासायला झूम मागे घेतो, आणि निकाली डाव प्रेक्षकांना दिसतच नाही. बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या पट्ट्यात जत्रेच्या मैदानांचे चित्रीकरण आम्ही बरीच वर्षे करत आहोत, आणि ही एक अडचण सोडवण्यासाठी ब्लॅकमॅजिक कंपनीची ‘जीपीआय अँड टॅली इंटरफेस’ ही पेटी घेतली. टॅली म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र लाइव्ह असल्याचे कॅमेरामनला सांगणारा लाल दिव्याचा इशारा. तिला दोन हंगाम पूर्ण झाले असल्यामुळे तिच्याविषयी, आणि त्याहूनही अधिक तिच्या जोडणीविषयी, सविस्तर लिहावे असे वाटले.

प्रथम ही पेटी काय करते ते सांगतो, कारण विकत घेण्यापूर्वी आमचीही समजूत चुकीची होती. आमच्याकडे याच कंपनीचा एटेम मालिकेतील मिक्सर आहे. कोणता कॅमेरा या क्षणी प्रोग्रॅमवर, म्हणजे थेट बाहेर जाणाऱ्या चित्रात, आहे ही माहिती मिक्सर नेटवर्कच्या केबलवरून सतत पाठवत असतो. ही पेटी त्याच नेटवर्कवर बसून ती माहिती ऐकते आणि आपल्या आतील आठ रिलेंपैकी, म्हणजे विजेने चालणाऱ्या बटणांपैकी, त्या कॅमेऱ्याचा रिले बंद करते. बंद करते म्हणजे दोन तारा एकमेकींना जोडते. याहून जास्त काहीही करत नाही. या तारांतून ती स्वतःची वीज बाहेर पाठवत नाही, दिवा पेटवत नाही, यंत्र चालू करत नाही. घरातील दिव्याच्या बटणात जशी स्वतःची वीज नसते, तसेच हे आहे. आम्ही मात्र पेटी आल्या दिवशी तिच्या तारांना थेट एलईडी जोडले, एकही पेटला नाही म्हणून पेटी बिघडलेली आली असे गृहीत धरले आणि परत पाठवायची तयारी सुरू केली.

त्या चुकीतून आम्हाला बाहेर काढले ते उद्यमबागेतील एका वायरमनने, जो गेली अनेक वर्षे कारखान्यांच्या यंत्रांचे कंट्रोल पॅनेल जोडतो. त्याने मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन तारा जुळल्या की आवाज देणाऱ्या खुणेवर, ठेवला, टोके पेटीच्या तारांना लावली, आम्हाला मिक्सरवर कट मारायला, म्हणजे एका झटक्यात कॅमेरा बदलायला, सांगितले आणि आवाज आल्याबरोबर म्हणाला, "अहो, हे तर पोटेन्शियल फ्री, म्हणजे स्वतःची वीज नसलेले, कॉन्टॅक्ट आहे; आमच्या प्रत्येक पॅनेलमध्ये हेच असते." प्रक्षेपणाच्या क्षेत्रात ज्याला जीपीआय आणि जीपीओ म्हणतात, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला ‘आता’ एवढाच एक शब्द सांगण्याची सोय, ती आणि फाउंड्रीतल्या पंपाला चालू होण्याचा हुकूम देणारी तार यांत विद्युतदृष्ट्या काडीचाही फरक नाही. बेळगावात व्हिडिओच्या यंत्रांचे जाणकार मोजकेच असले तरी रिले आणि कॉन्टॅक्ट कोळून प्यालेली माणसे उद्यमबागेत गल्लोगल्ली आहेत, हे आम्हाला त्या दिवशी उमगले, आणि पुढची सगळी जोडणी आम्ही त्याच वायरमनकडून करून घेतली.

दिव्यांची रचना अशी आहे. बाहेरून १२ व्होल्टचा एक वेगळा पुरवठा घेतला. त्याची धन तार प्रत्येक दिव्याकडे जाते, दिव्यातून निघालेली तार पेटीतील त्या-त्या रिलेपर्यंत येते, आणि रिलेचे दुसरे टोक पुरवठ्याच्या ऋण बाजूस मिळते. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेल्या १० व्होल्टसाठी ५६० ओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह सुमारे १८ मिलिअँपिअर राहतो, जो एलईडीला मानवतो आणि दिवसाउजेडीही नीट दिसतो. केबल साधी कॅट सिक्स वापरली. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात, म्हणून एका केबलमध्ये चार कॅमेरे सहज बसतात. मैदानाच्या पलीकडच्या कडेपर्यंत ६० मीटर केबल गेली तरी जाऊन-येऊन तारेचा रोध जेमतेम १० ओहम होतो, आणि एवढ्या लहान प्रवाहाला त्यावर ०.२ व्होल्टही खर्च होत नाहीत. म्हणजे अंतराची भीती बाळगण्याचे कारण नाही.

भीती बाळगायची ती प्लगची. कॅट सिक्स केबल म्हटल्यावर हात आपोआप नेटवर्कचा आरजे ४५ प्लग चेपायला जातो, आणि आम्हीही तेच केले होते. पहिल्याच मैदानात घाईघाईत आमच्या एका मुलाने टॅलीची केबल नेटवर्क स्विचच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचली. १२ व्होल्टचा पुरवठा तोवर चालू केलेला नव्हता, एवढ्यावर निभावले. त्यानंतर वायरमनने सर्व टॅली केबलींना पॅनेलमध्ये वापरतात ते जीएक्स १६ प्रकारचे गोल, आट्यांचे प्लग लावले, जे आमच्या नेटवर्कच्या किंवा माइकच्या खोबणीत बसूच शकत नाहीत. आटे असल्यामुळे पायात केबल अडकली तरी ते निसटत नाहीत, हा दुसरा फायदा. आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घातलेले असते, आणि ती चिकट माती उघड्या प्लगमध्ये एकदा शिरली की निघता निघत नाही. आट्यांच्या टोपीने तोही त्रास बराच कमी झाला.

पेटीची मांडणी करणे अवघड नाही, परंतु क्रम पाळावा लागतो. ती यूएसबी केबलने संगणकाला जोडायची, कंपनीचा सेटअप प्रोग्रॅम उघडायचा, पेटीला नेटवर्कवरील पत्ता द्यायचा, मिक्सरचा पत्ता सांगायचा आणि हिच्या आठ रिलेंनी मिक्सरचे कोणते आठ इनपुट सांभाळायचे ते निवडायचे. मिक्सरला आठांहून अधिक इनपुट असतील तर दुसरी पेटी घेऊन तिला पुढचे आठ नेमून देता येतात. एटेम मिक्सर कारखान्यातून १९२.१६८.१०.२४० या पत्त्यावर येतो, आणि तो तसाच ठेवावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आम्ही एका सभागृहातील कार्यक्रमासाठी तेथील राउटरशी जुळावे म्हणून मिक्सरचा पत्ता बदलला होता. आठवड्याने मैदानात गेलो तेव्हा पेटी जुन्या पत्त्यावर मिक्सरला शोधत राहिली आणि आम्ही दोन तास केबली बदलत बसलो. दोष संपूर्णपणे आमचा होता. आता मिक्सरच्या अंगावरच त्याचा पत्ता चिकटपट्टीवर लिहून लावला आहे, आणि बाहेरच्या राउटरशी संबंध न ठेवता आमचा स्वतःचा लहान नेटवर्क स्विच आम्ही सोबत नेतो.

एक गोष्ट वापरताना लक्षात येते ती अशी की, दिवा ‘निवडलेला कॅमेरा’ दाखवत नाही, तर ‘ज्याचे चित्र या क्षणी बाहेर जात आहे तो कॅमेरा’ दाखवतो. त्यामुळे डिसॉल्व्ह, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात हळूहळू विरघळणे, चालू असेपर्यंत दोन दिवे एकाच वेळी पेटलेले असतात, आणि चौकटीत दुसरे चित्र घातले असेल तर त्याही कॅमेऱ्याचा दिवा पेटतो. नवीन मुले यामुळे सुरुवातीला गोंधळतात. त्यांना एवढेच शिकवावे लागते की दिवा पूर्ण विझेपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही. आठ कॅमेऱ्यांना आठ रिले, म्हणजे प्रत्येकाला एकच दिवा, असा हिशेब असल्यामुळे प्रिव्ह्यूचा, म्हणजे पुढे लाइव्ह होणाऱ्या कॅमेऱ्याचा, हिरवा दिवा या रचनेत मिळत नाही. मैदानी कामात मला त्याची उणीव भासली नाही.

आता ट्रिगरच्या, म्हणजे यंत्राला ‘आता’ हा इशारा देणाऱ्या, इनपुटकडे वळतो, कारण खरी मेहनत तेथे लागली आणि खरा लाभही तेथेच झाला.

आमच्याकडे एक जुना घेतलेला रिप्ले रेकॉर्डर, म्हणजे घडलेला प्रसंग पुन्हा दाखवणारे यंत्र, आहे. त्याच्या पाठीमागे ट्रिगरचे इनपुट आहेत आणि प्रत्येकाला वेगळे काम नेमता येते : एकाने खूण करायची, एकाने चालवायचे, एकाने थांबवायचे. मैदानी कुस्तीत चीतपट होते ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. पंचांची शिट्टी वाजते, हलगी टिपेला जाते, लोक हौदाकडे धावतात, आणि नेमक्या त्या वेळी रेकॉर्डरवरील माणसाने लहानसे बटण शोधून खूण करावी ही अपेक्षा फार आहे. म्हणून पंचांच्या टेबलाजवळ बसणाऱ्या आमच्या माणसाच्या हातात एक मोठे बटण दिले आणि त्याची तार खुणेच्या इनपुटला जोडली. शिट्टी वाजली की त्याने बटण दाबायचे, आणि रेकॉर्डरने त्या क्षणाच्या दहा सेकंद मागून रिप्ले तयार ठेवायचा.

खानापूर तालुक्यातील एका मैदानात याची पहिली परीक्षा झाली. शेवटच्या जोडीत एका पैलवानाने घिस्सा मारून समोरच्याला चीत केले, आमच्या माणसाने बटण दाबले, आणि रेकॉर्डरने एकाऐवजी चार खुणा नोंदवल्या. आम्ही रिप्ले चालवला तेव्हा पहिल्या खुणेचा तुकडा दाखवून झाल्यावर तो थांबला नाही. पुढच्या, म्हणजे प्रत्यक्षात त्याच, प्रसंगाचा तुकडा पुन्हा पडद्यावर आला, मग पुन्हा. विजेत्याला खांद्यावर घेऊन लोक नाचत होते, गदा देण्याचा क्षण आला होता, आणि आमच्या पडद्यावर तोच घिस्सा चौथ्यांदा दिसत होता. गदा देतानाचे चित्र थेट प्रक्षेपणात गेलेच नाही, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या मुलाच्या घरचे लोक दूर गावी बसून तेच पाहण्यासाठी थांबले होते.

कारण साधे होते. यांत्रिक बटण दाबले की त्यातील धातूच्या पट्ट्या एकदाच चिकटत नाहीत. काही मिलिसेकंद त्या उसळतात, जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. माणसाला ही एकच दाब वाटते, यंत्राला त्या चार वाटतात. त्यातून आमचे बटण म्हणजे जुन्या दाराच्या घंटेचे होते. रेकॉर्डरच्या मांडणीत यावर उपाय होता, आम्ही तो पाहिलाच नव्हता : एकदा ट्रिगर आला की पुढचा किती वेळ दुर्लक्षित करायचा ही मर्यादा तेथे घालता येते. ती आम्ही अर्ध्या सेकंदावर ठेवली. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ही मर्यादा साडेबारा फ्रेमची झाली. पट्ट्यांची उसळी तिच्यात पूर्ण विरते, आणि अर्ध्या सेकंदात दोन कुस्त्या निकाली होत नाहीत. बटणही कारखान्यात वापरतात तसे नवे, मोठ्या टोपीचे लावले.

दुसरा प्रश्न इनपुटच्या स्वभावाचा. बहुतेक यंत्रांत ट्रिगर दोन प्रकारे नेमता येतो. एका प्रकारात तार जुळण्याच्या क्षणालाच महत्त्व असते, नंतर ती जुळलेली राहिली की सुटली याच्याशी यंत्राला देणेघेणे नसते. याला एज म्हणतात. दुसऱ्यात तार जुळलेली असेपर्यंत काम चालते आणि सुटली की थांबते. याला लेव्हल म्हणतात. टॅलीचा दिवा स्वभावतः लेव्हल प्रकारचा आहे, खुणेचे बटण एज प्रकारचे. ही निवड चुकली तर यंत्र निर्दोष असूनही वेड्यासारखे वागते.

याचा सर्वांत चांगला उपयोग आम्हाला टॅली पेटीच्या आठव्या रिलेत सापडला. रिप्ले रेकॉर्डर मिक्सरच्या आठव्या इनपुटवर असतो. त्याचा टॅली रिले दिव्याला न देता आम्ही रेकॉर्डरच्या ‘चालव’ या इनपुटला दिला. आता मिक्सरवरील माणसाने आठ नंबर कट केला की रिले जुळतो आणि रिप्ले आपोआप सुरू होतो. कोणी कोणाला ओरडून ‘सोड’ म्हणावे लागत नाही. सुरुवातीला हे इनपुट आम्ही लेव्हलवर ठेवले होते, त्यामुळे रिप्ले चालू असताना क्षणभर पैलवानाचा चेहरा दाखवून परत आलो की रिप्ले पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. नुसते एजवर आणले तरी परत येताना रिले नव्याने जुळतोच, म्हणून ‘चालू असताना नवा ट्रिगर घेऊ नये’ हा पर्यायही निवडावा लागला. आणखी एक खबरदारी : आठ नंबरवर डिसॉल्व्हने गेलो तर रिले डिसॉल्व्हच्या आरंभीच जुळतो, म्हणून डावाचा पहिला भाग धूसर मिश्रणात वाया जातो. कुस्तीत आम्ही रिप्लेवर फक्त कटनेच जातो. नाट्यगीतांच्या किंवा भजनाच्या कार्यक्रमात अशी घाई नसते.

व्होल्टेजबद्दल अधिक सावधपणे सांगतो, कारण येथे आम्ही एक इनपुट जाळले आहे. काही यंत्रांचे इनपुट आतूनच ५ व्होल्टला रेझिस्टरमधून बांधलेले असते, त्याला बाहेरून काहीही द्यायचे नसते, फक्त दोन टोके जुळवायची असतात. काही इनपुट ऑप्टोकपलरचे असतात, म्हणजे आत एक लहान एलईडी असतो आणि तो पेटवण्यासाठी बाहेरून व्होल्टेज द्यावेच लागते. दोन्हींचे प्लग बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. एका जुन्या यंत्राच्या ऑप्टोकपलरला आम्ही दिव्यांच्याच पुरवठ्यातून सरळ १२ व्होल्ट दिले, मध्ये रेझिस्टर लावला नाही, आणि आतील एलईडी गेला. सुदैवाने तो भाग पीसी ८१७ नावाचा, कुठेही मिळणारा आणि अगदी स्वस्त होता. शहरातील दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दिवशी बदलून दिला. तेव्हापासून कोणत्याही नव्या यंत्राच्या इनपुटला तार लावण्यापूर्वी आम्ही मल्टिमीटरने तेथे आधीच व्होल्टेज आहे का ते पाहतो. ५ व्होल्टच्या आसपास दिसले तर तेथे कोरडा कॉन्टॅक्ट, म्हणजे बाहेरून वीज न देता नुसती दोन टोके जुळवणे, पुरतो. काहीच दिसले नाही तर माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

जनरेटर हा मैदानी कामातील आणखी एक विषय. कॅमेरे आणि मिक्सर आमच्या जनरेटरवर, निवेदकाचे कर्णे मंडपवाल्याच्या जनरेटरवर, असे नेहमी असते, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. दोन वेगळ्या पुरवठ्यांवरील यंत्रे ट्रिगरच्या तारेने थेट जोडली की तो फरक त्या तारेतून वाहू लागतो. पेटीतील रिलेचा कॉन्टॅक्ट यांत्रिक आणि अलिप्त असल्यामुळे तिच्या बाजूने हा धोका राहत नाही, आणि माझ्या मते हेच तिचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. पंचांच्या टेबलावरील बटणासाठीही आम्ही मधे एक वेगळा रिले ठेवला आहे, त्याच्या कॉइलवर उलट डायोड लावून. जोडणी सर्वत्र नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी सुटलेल्या, कॉन्टॅक्टची ठेवली आहे, जेणेकरून गर्दीत केबल तुटली तर एक ट्रिगर कमी होईल, पण नको असलेला ट्रिगर घडणार नाही.

साहित्य संमेलनाच्या मंडपात दिव्याला थोडा वेगळा विचार लागतो. व्यासपीठावरील वक्त्याच्या डोळ्यांसमोर लाल दिवा पेटला की काही वक्ते बोलता बोलता अडखळतात, म्हणून तेथे दिव्याची पुढची बाजू काळ्या टेपने झाकून तो केवळ कॅमेरामनकडे वळवतो. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मात्र या पेटीचा उपयोग नाही. रात्रभर चालणाऱ्या त्या गर्दीतून तार ओढत फिरणे शक्य नसते.

ही पेटी कोणी घ्यावी, याचे उत्तर कॅमेऱ्यांवर अवलंबून आहे. ब्लॅकमॅजिकचेच स्टुडिओ कॅमेरे असतील आणि मिक्सरकडून त्यांना परतीची एसडीआय (व्हिडिओची) केबल दिलेली असेल, तर टॅली त्या केबलमधूनच जाते आणि कॅमेऱ्यावरील दिवा आपोआप पेटतो. त्यांनी हा खर्च करू नये. आमच्यासारखे वेगवेगळ्या कंपन्यांचे, लग्नकार्यापासून जत्रेपर्यंत सगळीकडे फिरलेले हँडीकॅम ज्यांच्याकडे आहेत आणि ज्यांचा मिक्सर एटेम आहे, त्यांनी ती अवश्य घ्यावी. दोनच कॅमेऱ्यांचे काम असेल तर गरज नाही, चार झाले की आहे. खर्चाचा अंदाज काढताना मात्र पेटीच्या किमतीवर थांबू नये : दिव्यांच्या डब्या, प्लग, केबल, वेगळा पुरवठा आणि वायरमनचे दोन दिवस त्यात धरावेत. पेटीच्या तोंडाशी असलेल्या जोडकेबलीची सुटी प्रत आधीच बनवून ठेवावी. तारांचा नकाशा पेटीच्या तळाशीच छापलेला आहे, त्यामुळे ती कोणीही चांगला वायरमन बनवू शकतो.

आमच्या तीन नंबर कॅमेऱ्यावर गोकाककडील एक मुलगा असतो, ज्याला मराठी जेमतेम समजते आणि ज्याच्याशी आमचा मिक्सरवाला मोडक्या कानडीत बोलतो. मागच्या हंगामात तो हेडफोन गळ्यात अडकवून, दिव्यावर एक डोळा ठेवून पूर्ण मैदान उभा राहिला, आणि त्याच्या कॅमेऱ्याची एकही चौकट लाइव्ह असताना हलली नाही.